परदेशातील व्यावसायिक बास्केटबॉल की रेल्वेचा क्रीडा कोटा?

दारव्हा, वरूड किंवा मूलसारख्या तालुक्यातील एखादी मुलगी विभागीय शालेय स्पर्धेत चमकली, की तिने परदेशातील व्यावसायिक लीगचा ध्यास धरावा की रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील नोकरीची तयारी करावी, हा प्रश्न घरात निघतो. खेळ एकच असला तरी या दोन वाटा दहावीच्या आधीच वेगळ्या होऊ लागतात.

व्यावसायिक खेळाचे शिखर म्हणजे १९९७ पासून खेळली जाणारी अमेरिकेतील महिलांची बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए. २०२४ मध्ये तिथे १२ संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू, म्हणजे साऱ्या जगासाठी १४४ जागा. त्या वर्षी नव्या खेळाडूंमधून सर्वांत आधी निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कचे पहिल्या हंगामाचे मूळ वेतन सुमारे ७६,५०० डॉलर होते. रुपयांत ही रक्कम डोळे दिपवते. मात्र खर्च तिथलाच असतो आणि वेतन खेळता येईल तोवरच मिळते. म्हणूनच अनेक नामवंत खेळाडू हंगाम संपताच तुर्कस्तान, चीन किंवा युरोपातील क्लबांकडे जात आल्या आहेत. डायना टॉरासीने तर २०१५ चा अमेरिकी हंगामच सोडला, कारण तिने विश्रांती घ्यावी म्हणून रशियातील तिच्या क्लबाने तिला लीगच्या वेतनाहून अधिक पैसे दिले. गुडघा दुखावला तर पुढचा करार मिळेलच असे नाही, हे मुलीच्या आईवडिलांनी आधी समजून घ्यावे.

रेल्वेत दरमहा पगार मिळतो, वैद्यकीय सोय मिळते, आणि खेळणे थांबल्यावरही नोकरी टिकते; कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घराला याचे मोल सांगावे लागत नाही. भरतीसाठी वय १८ ते २५ असावे लागते आणि राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ पातळीवरील कामगिरीसोबत प्रत्यक्ष चाचणीही द्यावी लागते. उणिवाही खऱ्या आहेत: जागा थोड्या निघतात, हवी ती जागा त्याच वर्षी निघेल याची खात्री नसते, आणि नेमणूक नागपूरलाच मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

माझे मत रेल्वेच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण केवळ सुरक्षितता नाही. दक्षिण रेल्वेची गीतू अण्णा जोस ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली आणि २०११ मध्ये तिने डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांकडे चाचण्या दिल्या. निवड झाली नाही, तरी हातची नोकरी आणि भारतीय संघातील स्थान तिच्याजवळ होतेच. तिच्याच रेल्वेतील अनिता पॉलदुराई हिला २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नोकरीमुळे मोठ्या खेळाची दारे बंद होतात, ही समजूत या दोघींकडे पाहिल्यावर टिकत नाही.

मुलगी सहा फुटांच्या आसपास उंच असेल आणि इंग्रजी व गणितात तयार असेल, तरच अमेरिकी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीचा विचार गंभीरपणे करावा. तेथील पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन स्पर्धेसाठी नववीपासूनचे १६ मुख्य विषय-अभ्यासक्रम मोजले जातात. त्यामुळे खेळाच्या नावाखाली नववीत अभ्यास सुटला, तर ही वाट तिथेच अडते.

दोन्ही वाटांना २८ बाय १५ मीटरचे पक्के कोर्ट मात्र लागतेच. गावच्या मुरमाच्या मैदानावर, एकाच रिंगखाली, पूर्ण कोर्टाची धाव अंगात भिनत नाही. म्हणून अकरावीचा प्रवेश घेताना अमरावती, नागपूर किंवा यवतमाळ येथे नियमित सराव चालणारे कोर्ट आणि मुलींचे सुरक्षित वसतिगृह एकमेकांजवळ आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे, आणि शक्यतो मे महिन्यात पाहावे, कारण विदर्भाच्या उन्हात पहाटे सहाला सराव खरोखर होतो की नाही, ते तेव्हाच कळते.