गुऱ्हाळातला ऱ्ह आणि पायथनचं आयडीएनए पॅकेज

आयडीएनए म्हणजे मराठीसारख्या लिपीतलं डोमेन (वेबसाइटचं नाव) इंटरनेटला चालेल अशा रूपात बदलायचे नियम, आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ते काम करणारं हे पॅकेज. पाचापैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येतंय. पॅकेज फुकट आहे, बीएसडी हे खुलं लायसन्स, पिपनं (पायथनची पॅकेजं टाकायचं साधन) टाकलं की लगेच हजर. हे आधीच टाकलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते म्हणून एवढं लिहितोय.

मी राजारामपुरीत एका खोलीत बसून छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाइट करून देतो. करवीर तालुक्यातले एक काका आहेत, त्यांचं गुऱ्हाळ आहे, गूळ ऑनलाइन विकायचा होता आणि डोमेन मराठीतच पाहिजे म्हणून हटूनच बसले. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतंय त्यामुळं त्यात काय अडचण नव्हती, पण त्यांना गावाचं नाव, आडनाव, शुद्ध, सेंद्रिय, रसायनविरहित असा दुकानाचा आख्खा बोर्डच डोमेनमध्ये घालायचा होता. दोन टिंबांच्या मधला तुकडा एन्कोड (म्हणजे इंग्रजी अक्षरांत रूपांतर) झाल्यावर ६३ अक्षरांच्या वर जाता येत नाही हे समजावता समजावता दोन चहा झाले. शेवटी आडनाव आणि गुऱ्हाळ यावर मिटलं.

साइट सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "काय रं, पाव्हण्याला लिंक पाठवली तर हे इंग्रजीत काय बाय जातंय, व्हायरस शिरला काय?" ब्राउझरमधनं कॉपी केलेली लिंक एक्सएन आणि दोन डॅश अशी सुरू होत होती. मी म्हटलं व्हायरस नाही ओ काका, ते तुमचंच नाव आहे. होस्टच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॅश एवढंच चालतं हा जुना दंडक, म्हणून देवनागरी नाव प्युनीकोड नावाच्या पद्धतीनं त्यात बसवतात, ही पद्धत २००३ ची. आपलं भारत सुद्धा आत 'एक्सएन डॅश डॅश एच२बीआरजे९सी' असं असतंय.

आता खरी भानगड. सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट चालू आहेत का बघायला माझी एक पायथनची स्क्रिप्ट रोज सकाळी फिरते. ती म्हणे काकांचं डोमेन अस्तित्वातच नाही, आणि इकडं मोबाइलवर साइट मस्त उघडतेय. सर्व्हर बघितला, डीएनएसचे, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेतले, रेकॉर्ड बघितले, होस्टिंगवाल्याला उगाच दोन शब्द सुनावले, सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी रात्री वैतागून स्क्रिप्ट नेमकं काय विचारतेय ते छापलं आणि उलटं डीकोड केलं, तर समोर आलं 'गुर्हाळ'. गुऱ्हाळमधला आडवा र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसलेला!

झालं असं की डोमेन घेताना ऱ वापरलेला, नुक्त्यावालं स्वतंत्र अक्षर. स्क्रिप्टच्या यादीत मात्र मी दुसऱ्या कीबोर्डनं टाइप केलेलं, त्यानं साधा र, हलन्त आणि मधी एक न दिसणारं जोडणारं कॅरेक्टर घातलं, ते झेडडब्ल्यूजे. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम, भिंग लावून बघा फरक दिसायचा नाही, पण आत एक सात कोडपॉइंटचं (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आणि एक आठचं. आणि पायथनमध्ये मुळातच असलेला आयडीएनए कोडेक (रूपांतर करणारा भाग) आयडीएनएच्या २००३ च्या नियमांवर चालतो, तो हे न दिसणारं कॅरेक्टर गुपचूप खातो, एरर नाही, वॉर्निंग नाही, काय नाही. सॉकेटला (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाला) नाव दिलं की आतल्या आत हाच वापरला जातो. डीएनएसपायथन या दुसऱ्या पॅकेजचा डिफॉल्ट पण २००३ च आहे, त्याला २००८ वालं स्वतः सांगावं लागतं.

वेगळं टाकायचं जे पॅकेज आहे, ज्याचा हा रिव्ह्यू, ते २००८ च्या नियमांचं. किम डेव्हिस यांनी लिहिलेलं, हे स्वतः आयानाचं, म्हणजे इंटरनेटवरची नावं आणि आकडे सांभाळणाऱ्या संस्थेचं, काम बघतात. ह्यात हलन्तानंतर आलेलं झेडडब्ल्यूजे जसंच्या तसं ठेवतात, म्हणजे नाव परस्पर बदलत नाही, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. र खालचा नुक्ता सुटा टाइप झाला तर सरळ एरर टाकतंय की बाबा आधी हे नॉर्मलाइज कर (ठरलेल्या एकाच रूपात आण), किंवा यूटीएस४६ (आधी नाव नीट करून घ्यायचे युनिकोडचे नियम) चा पर्याय चालू केला की स्वतःच ऱ करून घेतंय. तोंडावर बोलणारा माणूस असतोय तसं.

तरी हे टाकलं आणि काम फत्ते असं समजू नका. झेडडब्ल्यूजेवालं गुऱ्हाळ आणि ऱ वालं गुऱ्हाळ ही त्याच्या हिशेबानं दोन वेगळी नावं, दोन्ही वैध, आणि माझ्या यादीतलं तर कुणी घेतलेलंच नव्हतं. म्हणून एन्कोड करायच्या आधी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे दिसलं की तिथं ऱ आणि हलन्त घाल अशी एक ओळ मीच लिहिली. दऱ्या, कोऱ्या, तऱ्हा असलं काही डोमेनमध्ये असेल तर तुम्हीही लिहा.

आणि कापलेला स्टार. काकांच्या मेलसाठी डीमार्क रेकॉर्ड (आपल्या नावानं खोटे मेल जाऊ नयेत म्हणून डीएनएसमध्ये ठेवतात तो) तपासायचा होता, त्याचं नाव अंडरस्कोरनं सुरू होतंय. अख्खं नाव पॅकेजला दिलं तर ते अंडरस्कोरवरच अडून बसलं, हे कॅरेक्टर चालत नाही म्हणून. नियमानं बरोबर असेल ओ, पण डीएनएसमध्ये असली नावं पैशाला पासरी आहेत. तेवढा तुकडा बाजूला काढून बाकीचं एन्कोड करायचं आणि मग हातानं जोडायचं, असं सध्या चाललंय.