सासूबाई, मी आणि शंभर प्रश्न: वाचनालयातला नागरिकत्वाचा वर्ग

न्यू जर्सीत एडिसनपासून गाडीने दहा मिनिटांवर आमचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात तळघरातल्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेतात. दहा आठवडे, एक पैसा फी नाही. गेल्या वर्षी मार्च ते मे मी आणि माझ्या सासूबाई, दोघी त्या वर्गाला बसलो. आपल्याकडच्या बऱ्याच जणी अजून यूट्यूबवर प्रश्न ऐकत बसतात आणि मुलाखतीच्या (परीक्षा त्यातच होते) आदल्या रात्री घाबरतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. हा वर्ग करा. उणिवा आहेत, त्याही सांगते.

आधी आमची परिस्थिती, कारण नियम वयावर आणि ग्रीन कार्डाच्या वर्षांवर ठरतात. सासूबाई ७६ वर्षांच्या, मूळच्या वाईच्या. त्यांना ग्रीन कार्ड २००४ साली मिळालं. वय ६५ च्या पुढे आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं पूर्ण असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ असते. आमच्या वेळच्या यादीतल्या शंभर प्रश्नांपैकी फक्त खुणेचे (ज्यांच्यापुढे तारेची खूण असते ते) २० करायचे आणि उत्तरं आपल्या भाषेत, दुभाष्यामार्फत द्यायची. त्यातले दहापर्यंत विचारतात, सहा बरोबर आले की झालं. मी ४७ ची, २००५ पासून इथे, त्यामुळे मला शंभरच्या शंभर प्रश्नांची तयारी करायची आणि तेही इंग्रजीत. शिवाय एक वाक्य वाचून दाखवायचं आणि एक लिहून दाखवायचं. दोन्हीसाठी तीन-तीन संधी असतात.

वर्गाचं कळण्याआधी मी महिना आठ डॉलर भरून एक ॲप घेतलं होतं. त्याचं नाव लिहीत नाही, पण असली सगळीच ॲप तपासून घ्या. ‘तुमच्या राज्याचा एक सिनेटर सांगा’ या प्रश्नाला त्यात न्यू जर्सीचं जुनंच नाव होतं. अँडी किम डिसेंबर २०२४ मध्ये सिनेटर झाले. मी मार्चमध्ये बघत होते तरी ते त्यात नव्हते. हा प्रश्न सासूबाईंच्या वीसमध्येही येतो. मी त्यांच्याकडून आठ दिवस चुकीचं नाव घोकून घेतलं, आणि ते पुन्हा डोक्यातून काढायला त्यांना पंधरा दिवस लागले. त्या वयात पाठ झालेलं पुसणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलं. मला फार वाईट वाटलं. सरकारी प्रश्नपत्रिका, उत्तरं, कार्डं सगळं नागरिकत्व खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहे, आणि निवडणुकीनंतर बदलणारी नावं तिथे वेगळ्या पानावर दिलेली असतात. पैसे कशालाच भरू नका.

आता वर्गाबद्दल. आम्ही चौदा जण होतो. इक्वाडोरचे दोघे भाऊ, इजिप्तचं एक जोडपं, फिलिपिन्सची एक नर्स, तीन गुजराती कुटुंबं आणि आम्ही. शिकवणाऱ्या बाई शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, आता स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांची पद्धत मला मनापासून आवडली. त्या उत्तर पाठ करून घेतातच, पण त्याआधी ‘असं का’ विचारतात. राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते, हा यादीतला अगदी सुरुवातीचा प्रश्न. ‘वी द पीपल.’ त्यांनी तो फळ्यावर लिहिला आणि विचारलं, इथे राजाचं नाव का नाही, देवाचं का नाही? मला एकदम शाळेच्या पुस्तकाचं पहिलं पान आठवलं. ‘आम्ही भारताचे लोक.’ कराडच्या शाळेत आम्ही ते कितीदा तालासुरात म्हटलं असेल, पण वाक्य ‘आम्ही’ने का सुरू होतं याचा विचार मी पहिल्यांदा केला तो या तळघरात, वयाच्या ४७ व्या वर्षी. आपल्याकडे नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपराच्या शेवटी आलेले थोडे गुण. ते वाचायला कोणी वेळच ठेवत नसे. मला त्याची आता खंत वाटते.

सगळ्यात चांगला गेला तो सहावा मंगळवार. विषय होता यादवी युद्ध आणि गुलामगिरी. यादीत प्रश्न छोटे आहेत. युद्धाचं एक कारण सांगा, लिंकनने काय केलं, मुक्तीच्या जाहीरनाम्याने काय झालं. बाईंनी सांगितलं की १८६३ च्या त्या जाहीरनाम्याने बंडखोर राज्यांतल्या गुलामांनाच मुक्त घोषित केलं होतं आणि गुलामगिरी देशभरातून कायद्याने गेली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. मग विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? मी वर्गात फारशी बोलत नसे. त्या दिवशी हात वर केला. सांगितलं की आमच्या पुण्यात जोतीराव फुले होऊन गेले. त्यांनी १८७३ साली शूद्रांच्या गुलामीवर पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, परत सांग, हळू सांग, मला लिहून घ्यायचं आहे. त्यांनी नाव विचारलं, वर्ष विचारलं, वहीत लिहिलं. फिलिपिन्सच्या नर्सनेही लिहून घेतलं. इंग्रजीतून एवढं सलग मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. माझ्या मुलाखतीची भीती त्या दिवशी अर्धी गेली.

बाई स्थानिक गोष्टीही सांगतात. १७७६ च्या न्यू जर्सीच्या राज्यघटनेत ठरावीक मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत होतं. त्यात पुरुष असा शब्दच नव्हता, म्हणून इथल्या मालमत्ता असलेल्या बायका मतदान करत होत्या. १८०७ साली कायदा करून तो हक्क काढून घेतला. तो परत मिळायला १९२० ची एकोणिसावी दुरुस्ती यावी लागली. हे परीक्षेत येत नाही. पण हे ऐकल्यावर ‘सुझन बी. अँथनीने काय केलं’ (बायकांच्या हक्कांसाठी लढली) याचं उत्तर मला कधी पाठ करावं लागलं नाही.

सासूबाईंचं मात्र वेगळं होतं. त्यांना इंग्रजी ऐकून थोडं कळतं, बोलता येत नाही. वर्ग इंग्रजीतच. म्हणून मी सरकारी कार्डं वाचनालयातच छापली, पानाला दहा सेंट पडले, आणि खुणेच्या वीस कार्डांच्या मागे जाड पेनाने मराठी लिहिलं. इथे माझा खरा कस लागला. ‘अर्थव्यवस्था कोणती’ याला भांडवलशाही म्हणायचं की बाजाराची अर्थव्यवस्था? दोन्ही चालतात, पण सासूबाईंना दुसरं लवकर बसलं. ‘बाजारच ना? वाईचा सोमवारचा बाजार डोळ्यांपुढे आणते,’ म्हणाल्या. ‘काँग्रेसचे दोन भाग’ म्हटलं की त्यांना आपल्याकडचा पक्ष आठवायचा. मग मी आधी ‘इथली संसद’ असं लिहिलं, पुढे कंसात काँग्रेस, आणि खाली सिनेट व प्रतिनिधीगृह.

स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा किस्सा सांगतेच. पुतळा कुठे आहे, तर न्यूयॉर्कच्या बंदरात, लिबर्टी बेटावर. सासूबाई ऐकेनात. ‘अगं, आपण जर्सी सिटीच्या बागेतून पाहिला, तो समोर होता, आपल्याच बाजूला! मी न्यूयॉर्क का म्हणू?’ मी वर्गात बाईंना विचारलं. त्यांनी सरकारी उत्तरपत्रिका काढून दाखवली. खाली लिहिलेलं आहे की न्यू जर्सी हेही उत्तर चालेल. सासूबाईंनी ते कार्ड हातात घेतलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, ‘बघ.’ पुढे मुलाखतीत हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ठणकावून ‘न्यू जर्सी’ सांगितलं आणि अधिकाऱ्याने ते बरोबर धरलं.

मार्टिन ल्यूथर किंगचं उत्तर त्यांना शिकवावंच लागलं नाही. किंग १९५९ साली भारतात आले होते, गांधीजींच्या देशाची वारी म्हणून. त्या तेव्हा लहान होत्या, पण त्यांचे वडील खादी वापरणारे, घरात त्या भेटीबद्दल बोलणं झालेलं त्यांना आठवतं. वर्गात त्या मराठीत बोलल्या, मी इंग्रजी केलं, आणि इजिप्तच्या काकांनी उठून त्यांना नमस्कार केला.

पण माझ्या मते या वर्गाचं खरं मोल शंभर प्रश्नांत नाही, शेवटच्या तीन आठवड्यांत आहे. बहुतेक लोक नापास होतात ते प्रश्नांत, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मुलाखतीचा मोठा वेळ जातो तो अर्जातल्या माहितीवर. नागरिकत्वासाठी भरायचा एन-४०० अर्ज, त्यातले ‘तुम्ही कधी’ने सुरू होणारे लांबलचक प्रश्न, आणि मध्येच अधिकारी विचारतो, या शब्दाचा अर्थ काय? ‘ओथ’ (शपथ) म्हणजे काय, ‘अलिजन्स’ (निष्ठा) म्हणजे काय. ‘पर्सिक्यूट’ म्हणजे छळ करणं आणि ‘प्रॉसिक्यूट’ म्हणजे खटला भरणं, हे दोन शब्द मी वीस वर्षं एकच समजत होते. बाई आमच्या जोड्या लावायच्या, एकाने अधिकारी व्हायचं. फक्त हो-नाही म्हणून चालायचं नाही, ‘म्हणजे काय’ ते आपल्या शब्दांत सांगायचं. तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं आहे का, हा प्रश्नही त्यातलाच, आणि त्यावर त्यांनी अर्धा तास घालवला. गाडीच्या परवान्याच्या वेळी फॉर्मवर नकळत खूण केली तरी पुढे अडचण होऊ शकते, आणि असं काही झालं असेल तर लपवू नका, आधी वकिलाला विचारा, हे त्यांनी प्रत्येकाला डोळ्यात बघून सांगितलं.

आता उणिवा. लिहायचा सराव सगळा कागदावर झाला. मुलाखतीत मला टॅबलेट आणि काचेवर घसरणारं पेन दिलं. माझा हात सरकला, पहिलं वाक्य अर्धवट बिघडलं, दुसऱ्या संधीत जमलं. वर्गात एखादा टॅबलेट ठेवायलाच हवा, मी तसं लेखी कळवलं आहे. तळघरात थंडी असते, म्हाताऱ्या माणसांसाठी शाल न्या. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे शपथेनंतर भारताचं नागरिकत्व संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो, भारतात जायला ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) किंवा व्हिसा लागतो, तिथे मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे वर्गात कोणी सांगणार नाही, तो त्यांचा विषयही नाही. घरात आधी बोलून ठेवा. आमच्याकडे सासूबाईंनी या एका गोष्टीसाठी दोन वर्षं घेतली आणि ती घेऊ दिली हे बरंच झालं.

आमचे अर्ज ऑगस्टमध्ये गेले, ऑनलाइन फी माणशी ७१० डॉलर. मुलाखती नेवार्कला, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एका दिवसाच्या अंतराने. त्याच्या आठ दिवस आधी राज्यपाल बदलल्या होत्या, फिल मर्फी जाऊन मिकी शेरिल आल्या होत्या, आणि मला तोच प्रश्न आला. बाईंनी वर्गाच्या जुन्या मुलांना आठवणीने ईमेल केला होता. माझी पहिली सहाही उत्तरं बरोबर आली आणि अधिकाऱ्याने तिथेच थांबवलं. सासूबाईंबरोबर दुभाषी म्हणून ओळखीच्या एक मराठी बाई आल्या होत्या. घरचं माणूस दुभाषी म्हणून सहसा नको म्हणतात, म्हणून आधीच सोय करा.

एक लक्षात ठेवा. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज केला त्यांची परीक्षा नवी आहे. १२८ प्रश्नांची यादी, विचारतात २० पर्यंत, बरोबर हवेत १२. नऊ चुकले की संपलं. पुढे एक संधी मिळते, साठ ते नव्वद दिवसांत, जेवढा भाग चुकला तेवढाच. सासूबाईंसारख्या ज्येष्ठांना अजूनही २० च प्रश्न आणि दहातले सहा. वर्ग आता नव्या यादीवर चालतो, पण ज्यांचा अर्ज जुना आहे त्यांना वेगळं बसवतात. जाल तेव्हा अर्जाची पावती बरोबर न्या, म्हणजे तारीख बघून ते तुम्हाला योग्य यादी देतील.

नाव नोंदवायला त्याच गावचं असायची अट नाही, फोन केला तरी चालतो. पंधराच जागा आहेत आणि त्या लवकर भरतात. माझी मराठी मजकुराची वीस कार्डं रबर लावून बाईंच्या कपाटात ठेवली आहेत. घरचे आजी-आजोबा येणार असतील आणि त्यांचा अर्ज जुन्या यादीचा असेल तर मागून घ्या, फक्त सिनेटरच्या कार्डावरचं नाव आधी ताडून बघा.