म्युनिकमधली रोजची खरेदी : दोन सेमिस्टरच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगते, कारण परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या हाताशी वेळ कमी असतो. विद्यार्थ्याच्या खिशाला म्युनिकमधली रोजची खरेदी परवडते, माल चांगला मिळतो आणि पाटीवरच्या किमतीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. अट एकच आहे. दुकानांच्या वेळा पाहून आपला आठवडा आखावा लागतो, आणि पिशवी आणण्यापासून रिकामी बाटली परत नेण्यापर्यंत बरीच कामं गिऱ्हाइकालाच करावी लागतात. मला हा सौदा पटला. का पटला आणि कुठे खटकला, ते लिहिते.

मी न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये वाढले. आमच्याकडे सामान आणायचं म्हणजे गाडी काढायची, ओक ट्री रोडवरच्या पटेल ब्रदर्समधून डाळ-तांदूळ-पिठं घ्यायची, बाकीचं मोठ्या सुपरमार्केटमधून उचलायचं आणि पंधरा दिवस निवांत राहायचं. इथे ऑक्टोबरमध्ये हिवाळी सेमिस्टरसाठी आले. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सामायिक, फ्रीजमधला एक खण माझा, आणि गाडी नाही. त्यामुळे सॅकमध्ये मावेल तेवढंच, पण आठवड्यातून तीन-चारदा आणायचं, असा क्रम लागला. कुटुंब घेऊन राहणाऱ्यांचा हिशोब वेगळा असू शकतो.

आधी किमती. अमेरिकेत फळीवर लिहिलेल्या आकड्यावर काउंटरवर विक्रीकर चढतो, आणि तो प्रत्येक राज्यात वेगळा. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. किराण्याच्या बहुतेक मालावर आणि कपड्यांवर लागत नाही. जर्मनीत कर किमतीतच धरलेला असतो. बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के, इतर बहुतेक वस्तूंवर १९. पाटीवर १.२९ युरो लिहिले असतील तर १.२९ च द्यायचे. महिन्याच्या शेवटी नाणी मोजून दुकानात जाणाऱ्या मुलांना हे किती सोयीचं आहे, ते वापरल्यावरच कळतं. पाटीच्या कोपऱ्यात किलोचा किंवा लिटरचा भावही बारीक अक्षरात छापलेला असतो. तो वाचायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. करातली एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही: गाईच्या दुधावर ७ टक्के आणि ओटच्या दुधावर १९. दूध न चालणाऱ्या मुलांनी जास्त कर का भरायचा?

रोजच्या सामानासाठी आल्डी किंवा लिडल ही स्वस्त सुपरमार्केटं पुरेशी आहेत. अमेरिकेतून येणाऱ्यांना आल्डी नवं नाही. ते १९७६ पासून तिथे आहे. आपल्या लाडक्या ट्रेडर जोज या अमेरिकी किराणा दुकानांचं नातंही याच घराण्याशी. एसेन शहरातल्या आईच्या किराणा दुकानातून कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी धंदा वाढवला, पुढे उत्तर आणि दक्षिण अशी वाटणी केली, आणि उत्तरेकडच्या थिओने १९७९ मध्ये ट्रेडर जोज घेतलं. म्युनिक दक्षिणेकडच्या वाट्यात, म्हणजे आल्डी झ्युडमध्ये येतं. एका वस्तूचे दहा ब्रँड इथे नसतात, बहुधा दुकानाचा स्वतःचा एकच असतो. एडिसनमधल्या मालाच्या लांबच लांब रांगांची सवय असलेल्याला सुरुवातीला फळ्या ओक्याबोक्या वाटतात. पण पाकिटावर ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ची मोहोर दिसली की थांबून वाचा. ही १९६४ साली स्थापन झालेली, वस्तू तपासून गुण देणारी संस्था आहे. गुण शाळेसारखे आणि उलटे: १ सर्वांत चांगला, ५ नापास. स्वस्त दुकानांच्या घरच्या मालाला महागड्या ब्रँडइतके किंवा जास्त गुण मिळाल्याचं अनेकदा दिसतं. तेल, पास्ता, सनस्क्रीन मी असेच गुण बघून निवडले.

काउंटरवरचा वेग हा नवख्यांना घाबरवणारा भाग. कॅशियर बसून काम करतात, आणि स्वस्त दुकानांच्या मालावर बारकोड मोठे आणि एकापेक्षा जास्त बाजूंना छापलेले असतात, त्यामुळे वस्तू कशीही धरली तरी लगेच वाचली जाते. पिशवी भरून द्यायला कोणी नसतं. रीत अशी, की वस्तू आल्या तशा ट्रॉलीत परत टाकायच्या, पैसे द्यायचे आणि भिंतीलगतच्या कट्ट्यावर जाऊन नीट भरायच्या. जड वस्तू पट्ट्यावर आधी ठेवल्या की अंडी-केळी आपोआप वर येतात. ट्रॉलीसाठी एक युरोचं नाणं खिशात हवं. वॉलमार्ट १९९७ मध्ये मोठ्या तयारीने जर्मनीत आलं आणि २००६ मध्ये निघून गेलं. पिशव्या भरून देणं, दारात हसून स्वागत करणं या त्यांच्या प्रथा इथल्या लोकांना रुचल्या नाहीत, असं कारण बरेचदा सांगितलं जातं. मला ते एकटं पुरेसं वाटत नाही. आल्डीच्या भावाशी टक्कर देणं, हेच खरं अवघड काम होतं. पिशवी घरून नेण्याची सवय मला होतीच. न्यू जर्सीत मे २०२२ पासून मोठ्या किराणा दुकानांत प्लास्टिकची आणि कागदाचीही पिशवी मिळत नाही.

आता रविवार. दुकानं बंद म्हणजे खरोखर बंद. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, सोमवार ते शनिवारही रात्री आठला दारं लागतात. १९५६ चा दुकानबंदीचा कायदा, त्याही आधी १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम, आणि ते कलम आजच्या घटनेतही जसंच्या तसं, इतकी या रविवारची मुळं खोल आहेत. न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत रविवारी कपड्यांची आणि फर्निचरची दुकानं बंद असतात हे मला माहीत होतं, पण दूध-भाजीही मिळू नये हे नवीन होतं. बेकऱ्या काही तास उघडतात. अगदीच अडलं तर हाउप्टबानहोफ किंवा ओस्टबानहोफ या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, पण तिथे भाव चढे आणि गर्दी फार. सणांच्या सुट्ट्याही भिंतीवर लिहून ठेवा. बव्हेरियात त्या इतर बहुतेक राज्यांपेक्षा जास्त आहेत: ६ जानेवारीला बंद, १५ ऑगस्टलाही बंद, आणि २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत सगळं शांत.

सुरुवातीला मला याचा जाच वाटायचा. नंतर शनिवारी सकाळी भाजी, दूध, ब्रेड आणून ठेवलं की रविवार पूर्ण मोकळा मिळतो, हे आवडायला लागलं. दुकानात काम करणाऱ्या माणसालाही तोच रविवार मिळतो. माझ्या वर्गातली एक मुलगी सुपरमार्केटमध्ये अर्धवेळ काम करते. तिची सुट्टी आणि आमची सुट्टी एकाच दिवशी येते, म्हणून रविवारचं जेवण आम्ही एकत्र करतो. एडिसनमध्ये दुकानात काम करणाऱ्या मित्रांसोबत असं कधी जमलं नव्हतं.

बाटल्यांची अनामत, म्हणजे प्फांड, ही मला इथली सर्वांत चांगली व्यवस्था वाटते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट, पुन्हा भरायच्या काचेच्या बिअरच्या बाटलीवर ८, इतर बऱ्याच पुन्हा भरायच्या बाटल्यांवर १५. बिअरच्या रिकाम्या क्रेटचे वेगळे १.५० युरो. म्हणजे वीस बाटल्यांचा भरलेला क्रेट परत केला की ३.१० युरो हाती येतात. २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांनाही हा नियम लागला. सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये बाटली टाकायची, ती फिरवून खूण वाचते, शेवटी चिठ्ठी देते. ती काउंटरवर दिली की बिलातून पैसे वजा. बाटली चेपू नका, खूण वाचता येत नाही. न्यू जर्सीत अशी अनामत मुळीच नाही, शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये ५ सेंट आहे, मिशिगनमध्ये १०. २५ सेंट मिळत असतील तर बाटली रस्त्यावर पडून राहत नाही, हे मी इथे रोज बघते. उन्हाळ्यात इंग्लिश गार्डनमध्ये लोक रिकाम्या बाटल्या कचरापेटीत न टाकता शेजारी उभ्या करून ठेवतात, म्हणजे गोळा करणाऱ्या माणसाला पेटीत हात घालावा लागत नाही. त्यांतले बरेच जण आजी-आजोबांच्या वयाचे असतात. इतक्या श्रीमंत शहरात त्यांना बाटल्यांवर खर्च भागवावा लागतो, याचं मला वाईट वाटतं. तुम्हीही बाटली बाहेरच ठेवा. पिण्याचं पाणी मात्र विकत घेऊ नका; म्युनिकच्या नळाला मांगफाल खोऱ्यातलं सुरेख पाणी येतं.

स्वयंपाकाचं सामान हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आणि इथे म्युनिकने मला फार दिलं. पोळ्यांसाठी पिठाच्या पुड्यावरचा आकडा बघा. ४०५ म्हणजे मैद्यासारखं पांढरं, आकडा वाढेल तसा कोंड्याचा अंश जास्त. गव्हाच्या १०५० च्या पोळ्या मऊ होतात आणि दुसऱ्या दिवशीही डब्यात चालतात. रव्याचेही दोन प्रकार: मऊ गव्हाचा ‘वाइखवाइत्सेनग्रीस’ शिऱ्याला, कडक गव्हाचा ‘हार्टवाइत्सेनग्रीस’ उपम्याला. तुपासाठी ‘बुटरश्माल्त्स’चा डबा मिळतो. फोडणीला तो ठीक आहे, पण वरणभातावर घ्यायला खमंगपणा कमी पडतो. त्यापेक्षा ‘झाउअररामबुटर’ घ्या. ते आंबवलेल्या सायीचं लोणी असतं, मंद आचेवर कढवलं की थेट आजीच्या घरचा वास येतो. माझ्या मजल्यावरची सगळी मुलं त्या वासाने स्वयंपाकघरात जमतात.

आणि क्वार्क! एडिसनमध्ये आई श्रीखंडासाठी आदल्या रात्री दही टांगायची. इथे क्वार्क, म्हणजे दह्यासारखं मऊ ताजं चीज, अडीचशे ग्रॅमच्या डब्यात तयार मिळतो; ४० टक्के स्निग्धांशाचा घ्या (हा आकडा पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागातला असतो), तो दोन तास फडक्यात बांधून ठेवला की चक्का. आंबटपणा किंचित वेगळा असतो, साखर थोडी जास्त घाला. कमी स्निग्धांशाचा ‘मागरक्वार्क’ स्वस्त आहे, पण त्याचं श्रीखंड कोरडं आणि चुन्यासारखं होतं. पाडव्याला मी पातेलंभर केलं. कोरियन शेजारणीने वाटी चाटून पुसून संपवली आणि वेलदोडे कुठे मिळतात ते विचारलं.

भाजीपाल्यासाठी हाउप्टबानहोफच्या दक्षिणेला, ग्योटेश्ट्रासे आणि लांडवेअरश्ट्रासेच्या बाजूची तुर्की दुकानं गाठा. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर कुंडीत चार काड्यांची मिळते. इथे जुडी मिळते, हातात धरवत नाही एवढी. वांगी, भेंडी, काबुली चणे, मसूरडाळ, मोठ्या बादलीतलं दही, सगळं आहे. काका-मामा वयाचे दुकानदार दोन-तीन खेपांत ओळखायला लागतात, आणि लिंबं घेतली की एखादं वरती टाकतात. विक्टुआलिएनमार्क्ट हा उघड्यावरचा बाजार बघायला सुंदर आहे, चीज आणि मध चाखायला जरूर जा, पण रोजची भाजी तिथे विद्यार्थ्याला परवडणार नाही. अंडी फ्रीजबाहेर ठेवलेली दिसतील, दचकू नका. अमेरिकेत ती धुतात म्हणून थंड ठेवावी लागतात, इथे धुवत नाहीत. अंड्यावरचा पहिला आकडा पाळण्याची पद्धत सांगतो: ० सेंद्रिय, १ मोकळ्या अंगणातली, २ बंद शेडमधली, ३ पिंजऱ्यातली.

औषधांची सोय नीट समजून घ्या. आयबुप्रोफेन सुपरमार्केटच्या फळीवर नसतं, लाल ‘A’ची पाटी असलेल्या आपोथेकेतच, म्हणजे औषधांच्या दुकानातच मिळतं, तेही छोट्या पाकिटात. अमेरिकेतली पाचशे गोळ्यांची बाटली विसरा. रात्री आणि रविवारी पाळीपाळीने एखादी आपोथेके उघडी असते. कोणती, ते प्रत्येक आपोथेकेच्या दारावर लिहिलेलं असतं.

सगळ्यांत मोठी नाराजी परतीच्या नियमांवर. मध्यवस्तीतल्या एका दुकानातून घेतलेले बूट, न घातलेले, बिलासकट, दोन दिवसांनी परत न्यायला गेले तर सरळ नकार मिळाला. कायदा त्यांच्या बाजूने आहे: दुकानात घेतलेल्या निर्दोष वस्तूची परती ही दुकानदाराची मर्जी. ऑनलाइन घेतलं तर चौदा दिवसांत परत करायचा हक्क आहे. अमेरिकेतल्या सवयीने हा फरक फार टोचतो. समोर बसून बूट घालून पाहणाऱ्याला कमी हक्क आणि घरबसल्या मागवणाऱ्याला जास्त, हे मला अन्यायाचं वाटतं. मोठी खरेदी करताना काउंटरवरच विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. रोख पैसेही जवळ ठेवा. सुपरमार्केटमध्ये कार्ड चालतं, लहान दुकानांत आणि बाजारातल्या टपऱ्यांवर बऱ्याचदा नाही.

विजेची उपकरणं अमेरिकेतून मुळीच आणू नका. तिथे १२० व्होल्ट, इथे २३०. भारतात मात्र २३० च आहे. ठाण्याच्या मावशीने ओळखीच्या काकांबरोबर पाठवलेला मिक्सर इथे अडॅप्टर लावून पहिल्या दिवसापासून चालतोय, आणि शेंगदाण्याचं कूट, खोबऱ्याची चटणी सगळं त्यावर होतं. म्हणून एडिसनहून निघणाऱ्यांनी लॅपटॉप-फोनचे चार्जर सोडून बाकी तारा घरी ठेवाव्यात. बॅगेत जागा उरली तर आईच्या हातचा गोडा मसाला, आमसुलं आणि भाजणी भरा. हे मला म्युनिकमध्ये कुठेच मिळालं नाही. तूरडाळ, पोहे, साबुदाणा आणू नका, स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात मिळतात.