जुना सायलेन्सर द्या, दोन हजारांची सूट घ्या

मासळी वाहणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर सडतो. क्रेटमधला बर्फ वितळला की खारं पाणी हौद्याच्या कोपऱ्यांतून गळतं आणि थेट मागच्या डब्यावर पडतं. डबा तापलेला असतो, त्यामुळे पाणी उडून जातं आणि मीठ तेवढं राहतं. माझी गाडी हर्णै बंदरातून लिलावाचा माल भरून चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड अशी धावते. २०२१ ची सीएनजी पिकअप, बीएस-६ म्हणजे धुराच्या कडक नियमांतली. गेल्या हंगामात मागच्या डब्याला खालून भोक पडलं आणि गाडी ट्रॅक्टरसारखी वाजायला लागली.

सर्व्हिस सेंटरमध्ये डबा शिल्लक नव्हता, मागवून यायला आठवडा लागेल म्हणाले. मासळीचा धंदा आठवडाभर कोण बंद ठेवणार? म्हणून हायवेलगतच्या एका सायलेन्सरवाल्याकडे गाडी नेली. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. आणि अशी दुकानं एकच थोडी आहेत.

काउंटरवरचा माणूस बोलायला गोड. "शेठ, नुसता मागचा डबा बदलाल तर पुढचा पाइप सहा महिन्यांत जाणार. फुल सिस्टिमच टाका. ३०४ ग्रेडचं स्टील, गंजायचं नाव नाही. इंजिन मोकळं होतं, घाटात पिकअप वाढतो, मायलेज वाढतं." भिंतीवर टांगलेल्या चकचकीत पाइपला त्याने लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही. "बघा, अस्सल आहे." किंमत साडेअकरा हजार, आणि जुना पूर्ण सेट दिला तर दोन हजार सूट. सडक्या पत्र्याचे दोन हजार म्हणजे भंगारवाल्याच्या कितीतरी पट.

सगळी गोम या दोन हजारांतच आहे. इंजिनाच्या तोंडाशी, पहिल्या पाइपवर, एक फुगीर डबा असतो. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजवाले त्याला नुसतं कॅट म्हणतात. त्याच्या आत बारीक छिद्रांची चिनी मातीसारखी वीट असते, आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा पातळ थर असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे निवळतात. धातू असतो काही ग्रॅमच, पण रोडियम सोन्याहून महाग. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जातात ते याचसाठी. चोराला रात्री जॅक घेऊन गाडीखाली शिरावं लागतं, शिवाय पकडलं जायची भीती. इथे गिऱ्हाईक स्वतः गाडी रॅम्पवर चढवतं, वर पैसेही मोजतं. नवा सायलेन्सर विकणं हा त्या दुकानाचा जोडधंदा. खरा धंदा जुना हातात पाडून घेण्याचा.

सडला होता तो मागचा डबा, म्हणजे मफलर. तो कॅटच्या पुष्कळ मागे, फ्लॅंजवर म्हणजे बोल्टच्या जोडावर असतो. तेवढा सोडवून दुसरा लावला असता तर काम अर्ध्या तासाचं आणि दोन-तीन हजारांचं होतं. कॅटला काहीही झालं नव्हतं.

पूर्ण सेट बदलून गाडी घेऊन निघालो तेव्हा आवाज भारदस्त, डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही. फरक हळूहळू कळायला लागला. क्रेट उतरवायला मागे उभे राहणारे हमाल डोळे चोळायला लागले. कुंभार्लीत भरल्या गाडीला पूर्वी दुसऱ्या गियरमध्ये जो दम होता तो कमी झाला. मायलेज वाढायचं सोडाच, किलोला तीनेक किलोमीटरनी उतरलं. मग पीयूसी संपली. केंद्रावरच्या मुलाने नळी घातली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, गाडी जरा गरम करून आणा." गरम करून आणली तरी तेच. बीएस-६ पेट्रोल किंवा सीएनजी गाडीला आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. माझ्या गाडीचा आकडा त्याच्या कितीतरी वर होता.

सर्व्हिस सेंटरच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली. कॅटच्या जागी तसाच फुगीर डबा होता, चंदेरी रंग मारलेला. मिस्त्रींनी पान्याच्या दांड्याने त्यावर हलकेच वाजवलं. आत वीट असली की आवाज दबका येतो, हा ठणठण वाजला. सेन्सर काढून भोकातून बारीक कॅमेरा आत घातला तर आरपार मोकळं. नुसताच पोकळ डबा, गिऱ्हाईक खाली वाकून बघेल म्हणून लावलेला. आणि दिवा का लागत नव्हता तेही तिथेच दिसलं. कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. मागचा सेन्सर कॅट काम करतोय की नाही यावर लक्ष ठेवतो. त्याच्या आणि पाइपच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी लोखंडी नळी बसवली होती. सेन्सर धुराच्या झोतातून बाहेर ओढला गेला, त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला सगळं आलबेल वाटत राहिलं. अशी नळी अनवधानाने बसत नाही, ती मुद्दाम आणावी लागते.

मायलेजचं कारण वेगळंच निघालं. मॅनिफोल्डजवळचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथल्या जोडाच्या फटी बंद करणारं गॅस्केट नीट बसलं नव्हतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, पुढच्या सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसायचा, आणि कॉम्प्युटर समजायचा की इंधन कमी पडतंय. म्हणून तो आणखी गॅस सोडायचा. मिस्त्रींनी चुंबकही लावून पाहिलं. टचकन चिकटलं. दुकानात भिंतीवरचा पाइप दाखवला आणि गाडीखाली दुसराच चढवला. तसा चुंबकावर फार भरवसा ठेवू नका. कंपन्या सायलेन्सरला बरेचदा ४०९ ग्रेडचं स्टील वापरतात, त्याला चुंबक चिकटतं आणि तरीही ते चांगलं असतं. उलट २०१ ग्रेडला चिकटत नाही, पण खाऱ्या पाण्यात ते ३०४ इतकं टिकत नाही. मोकळा सायलेन्सर घातला की ताकद वाढते, हेही आपल्या गाड्यांना लागू नाही. बाराशे सीसीच्या इंजिनाचा सगळा जन्म कमी आरपीएमवर ओझं ओढण्यात जातो. मूळ पाइप तिथे त्याला कुठेच अडवत नसतो.

मी भांडायला गेलो तेव्हा मालकाने शांतपणे बिलाची कार्बन कॉपी काढली. "सायलेन्सर सेट, १ नग. जुना माल कस्टमरने स्वखुशीने एक्स्चेंजमध्ये दिला." खाली माझी सही. बिलात कॅट हा शब्द नाही, ३०४ नाही, काही नाही. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण हा देण्याघेण्याचा वाद आहे म्हणाले. आरटीओच्या दृष्टीने तर गुन्हेगार मीच. प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, हे सगळं गाडी चालवणाऱ्यावर येतं. पोकळ डबा बसवणारा बाजूला राहतो. शिवाय मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग असतं, तिथेही गाडी अडणारच.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा असा की गाडी धंद्याची आहे, म्हणून हा माणूस ग्राहकच नव्हे. पिकअपवाल्यांनी हे लक्षात ठेवा: स्वतःचं पोट भरायला, स्वयंरोजगारासाठी वापरलेली गाडी २०१९ च्या कायद्यात व्यापारी वापरात धरत नाहीत. म्हणून परमिट, लायसन्स आणि लिलावाच्या पावत्या जोडून दिल्या, मालक आणि चालक मीच आहे हे दिसावं म्हणून. मिस्त्रींचा लेखी अहवाल आणि कॅमेऱ्यातले फोटो दिलेत. फक्त जुन्या कॅटवर ठोकलेला पार्ट नंबर माझ्याकडे नाही. तुमचा कॅट अजून जागेवर असेल तर आजच खाली वाकून त्या नंबरचा फोटो काढून ठेवा, आणि कुठेही काम केलंत तरी काढलेला सुटा भाग हौद्यात टाकूनच गाडी हलवा.

कंपनीचा नवा कॅट घालायला पाच आकडी रक्कम गेली. मागचा डबा मात्र मी बाहेरचाच घेतला. साधा ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला, कॅटच्या मागे फ्लॅंजवर बसणारा, बिलावर "फक्त मागील मफलर, कॅटला हात लावलेला नाही" असं लिहून घेऊन. दुकानदार जरा चिडला, पण लिहून दिलं. हौद्याच्या कोपऱ्यांना आता रबरी नळ्या लावल्यात, खारं पाणी चाकाच्या मागे पडतं.