रूममेटशी पटत नाही म्हणून खोली सोडताय? आधी हे वाचा

मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलींना घराच्या बाबतीत जी भीती घातली जाते, ती दलालांची नाहीतर खोट्या जाहिरातींची. फोटोतला फ्लॅट मुळात नसतोच, टोकन घेतलं की माणूस फोन उचलत नाही, वगैरे. आमच्या बाबतीत फ्लॅट खरा होता, चावी खरी होती, नळाला पाणी येत होतं. फसवणारी बाईसुद्धा आमच्याबरोबरच राहत होती, आमच्याच भांड्यात चहा पीत होती. तिने पैसे कमावले ते आमच्या आपापसातल्या भांडणांवर.

मी उदगीरची. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला इतिहासात एमए करते. हॉस्टेलला नंबर लागला नाही, तेव्हा सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात एका वन बीएचकेमध्ये कॉट मिळाली. हॉलमध्ये दोघी, बेडरूममध्ये एक मुलगी आणि घर चालवणारी बाई. बाई तिशीची, खासगी नोकरी करणारी, बोलायला गोड. तिला सगळ्या ताई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. पहिल्याच दिवशी तिने माझ्या आईला फोन लावून सांगितलं, "काकू, काही काळजी करू नका, माझी धाकटी बहीणच समजा," आणि तिकडे आईचा जीव भांड्यात पडला.

भाडं साडेदहा हजार, डिपॉझिट तीस हजार. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार, त्यावर नोटरीचा शिक्का. सहा महिन्यांचा लॉक-इन. त्याआधी 'स्वेच्छेने' खोली सोडली तर डिपॉझिट परत नाही. हे कलम मुंबईत सर्रास असतं, त्यामुळे ते वाचून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. डिपॉझिट तिने भावाच्या नंबरवर पाठवायला सांगितलं, "माझ्या अकाउंटची लिमिट संपलीय गं." शेरा लिहायच्या रकान्यात 'फॅमिली' लिहायला लावलं. या दोन गोष्टींचं कारण पुढे कळलं.

आता भांडणांविषयी. चार बाया, एक बाथरूम, एक फ्रिज, सकाळी ठरावीक वेळेतच येणारं पाणी. यात भांडणं होणारच, त्यासाठी कुणी मुद्दाम काही करायची गरज नाही. बेडरूममधली सावंतवाडीची मुलगी घरून सुकट आणायची, भाजली की वास जिन्यापर्यंत. माझ्या शेजारच्या कॉटवरची जळगावची मुलगी सीएची आर्टिकलशिप करत होती, सकाळी लवकर निघायची, म्हणून अकराला झोपायची. आणि मी रात्री दोनपर्यंत लाइट लावून बसलेली. तेव्हा आमच्या सरांनी मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगवर असाइनमेंट दिली होती. घरतपासणीसाठी सरकारी पथकं चाळींमध्ये शिरत, राहायला अयोग्य ठरलेल्या इमारतींवर इंग्रजी 'यूएचएच' (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) अशी अक्षरं रंगवत. मार्च १८९८ मध्ये शहरात दंगा झाला. याच गोष्टी सरकारी अहवाल कशा सांगतो आणि त्या वेळची वर्तमानपत्रं कशी सांगतात, हे शेजारी शेजारी ठेवून लिहायचं होतं. असलं काम दिवसा लायब्ररीत आणि रात्री खोलीत, दोन्हीकडे केल्याशिवाय उरकत नाही.

तर ताई एकदा मला गॅलरीत बोलावून म्हणाली, "जळगावकर म्हणत होती, मेलेल्या माणसांचं एवढं काय वाचते रात्रभर, लाइटबिल आम्ही का भरायचं? मी तिला गप्प केलं हं. तू तिला काही बोलू नकोस, उगाच वाढतं." मी बोलले नाही. मनात मात्र राहिलं. पुढच्या आठवड्यात जळगावकरने माझा दुधाचा टोप फ्रिजमधून काढून बाहेर ठेवला आणि दूध नासलं. ती म्हणे चुकून. मग मी तिचे कपडे दोरीवरून काढून खुर्चीत टाकले. त्यानंतर आम्ही एका खोलीत राहून चॅटवर भांडत होतो. घरच्या ग्रुपवरही एवढ्या लांब पोस्टी कुणी टाकत नाही.

सावंतवाडीची मुलगी दिवाळीच्या आधी रडत निघून गेली. लॉक-इन संपायला दोन महिने होते. ताईने तिला मिठी मारली, "तुझ्यासाठी मी काहीतरी करते गं डिपॉझिटचं" म्हणाली आणि आठवड्याच्या आत त्या कॉटवर नवी मुलगी आणली.

जानेवारीत सावंतवाडीच्या मुलीची मार्कशीट स्पीड पोस्टाने जुन्या पत्त्यावर आली. ती न्यायला आली तेव्हा ताई ऑफिसला आणि मी घरी एकटी. चहा घेताना तिने सरळच विचारलं, "तू माझ्याबद्दल म्हणाली होतीस ना, की कोकणातल्या लोकांना स्वच्छता माहीत नसते?" असलं काही मी बोलले नव्हते. ताईने तिला तसा मेसेज केला होता. चॅटवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय ताईने चालू ठेवली होती, पण या मुलीने चिडून स्क्रीनशॉट काढून आपल्या बहिणीला पाठवले होते. ते उघडले. मी माझे उघडले. वाक्यं तीच. "मी तिला गप्प केलं हं." "तू तिला काही बोलू नकोस, उगाच वाढतं." "तुझ्या जागी मी असते तर मनःशांतीसाठी दुसरीकडे बघितलं असतं." तिच्या मेसेजमध्ये सुकट होती, माझ्यात लाइट, बाकी मजकूर इकडून तिकडे उचलून ठेवलेला.

संध्याकाळी जळगावकर आली तेव्हा तिचाही फोन घेतला. मी तिला घोरणारी, घामट म्हणाल्याचं तिला कळवलं होतं. असाइनमेंटसाठी वहीत आखले होते तसेच रकाने आखून बसलो: तारीख, कुणाला मेसेज, कुणाच्या तोंडी घातलेलं वाक्य, त्यानंतर काय भांडण झालं. आधी राहून गेलेल्या मुलींचे नंबर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये मिळाले. वॉचमनला आम्ही सगळ्या 'गावाकडच्या मावसबहिणी' म्हणून माहीत होतो, त्यामुळे त्याने आनंदाने दाखवलं. त्या वर्षात चार मुली लॉक-इनच्या आत निघून गेल्या होत्या. चौघींची कारणं वेगळी, पण चौघींनाही एकच वाटत होतं, की रूममेट वाईट निघाली आणि ताई बिचारी चांगली.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मालकाचा नंबर मिळाला. काका निवृत्त, डोंबिवलीला राहणारे. "माझ्याकडे तर दोघी बहिणी राहतात असा करार आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तो पाठवला. अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा. त्यात पोटभाडेकरू ठेवायला स्पष्ट मनाई. भाडं बत्तीस हजार, डिपॉझिट एक लाख. तिघींचे मिळून साडेएकतीस हजार आम्ही भरत होतो. म्हणजे सांताक्रूझमध्ये ती महिना पाचशे रुपयांत राहत होती. निघून गेलेल्या चौघींचे एक लाख वीस हजार वेगळे. आणि मार्चमध्ये करार संपला की मालकाकडचे एक लाखही तिचेच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सहा महिने पुरे करणारी मुलगी तिच्या दृष्टीने तोट्याची, कारण तिला डिपॉझिट परत द्यावं लागणार. चौथ्या-पाचव्या महिन्यात कुणीतरी तुमच्या कानात 'मनःशांती' हा शब्द घालू लागलं, तर करारावरची तारीख बघा. आमच्याकडे मोठी भांडणं बरोबर त्याच सुमारास झाली होती. आणि रूममेटबद्दल तिसऱ्याकडून काही ऐकलंत, तर त्याच दिवशी, त्या तिसऱ्या माणसासमोरच तिला विचारा. "तिला बोलू नकोस" असं सांगणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. आम्ही तिघी एकत्र जेवायला बसू लागलो, तर ताईचा चेहरा पहिल्याच रात्री उतरला. मग गीझरचं बटण खराब झालं, वायफायचा पासवर्ड बदलला. आम्ही हललो नाही.

मार्चअखेरीस चावी द्यायच्या दिवशी काका स्वतः आले. ताईने आमच्यासाठी हिशेबाचा कागद तयार ठेवला होता: रंगकाम, डीप क्लीनिंग, सोसायटीचा दंड, नोटिशीचा महिना. काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "आधी या पोरींचं मिटव, मग तुझा चेक." एरवी तिचं डिपॉझिट असं अडवायचा हक्क त्यांना कितपत होता, मला शंका आहे, पण तिने पोटभाडेकरू ठेवून करार मोडला होता, म्हणून ती गप्प बसली. हजर असलेल्या तिघींना अठरा-अठरा हजार मिळाले. निघून गेलेल्या चौघींना एक पैसा नाही. "त्यांनी मला काही दिलंच नव्हतं," असं ती काकांच्या तोंडावर म्हणाली. पैसे भावाच्या खात्यात, शेरा 'फॅमिली'. आता कळलं असेल.

त्या चौघींबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. पहिल्यांदा ऐकवलं गेलं, की हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणी मामला, कोर्टात जा. राग आला तरी त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. नुसतं डिपॉझिट परत न देणं म्हणजे आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच हेतू खोटा होता, हे दिसावं लागतं. म्हणून एकटीने जाऊन रडण्यात अर्थ नाही. चौघींचे करार, पैसे पाठवल्याच्या नोंदी, मालकाच्या खऱ्या कराराची प्रत आणि ते एकसारखे मेसेज तारखेनुसार लावून लेखी अर्ज दिला, तेव्हा अधिकाऱ्याने चष्मा लावून वाचायला घेतलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पूर्वीच्या ४२० च्या जागी तिच्यात कलम ३१८(४) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्याच. तोंडी तक्रार हवेत जाते.

ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनबद्दल सगळे सांगतात. खोट्या जाहिरातीला फसून आत्ताच ऑनलाइन टोकन गेलं असेल, तर तिथे ताबडतोब फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खात्यात अडवता येऊ शकतात. आमच्यासारख्या, महिन्यांपूर्वी राजीखुशीने दिलेल्या डिपॉझिटला त्याचा फार उपयोग नाही.

खोली घेताना मात्र एक कागद मागाच: जी बाई किंवा जो मुलगा तुम्हाला कॉट देतोय, त्याचा मालकाशी झालेला नोंदणीकृत करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. (मुंबईत भाड्यावर पहिलं कायदेशीर नियंत्रण १९१८ मध्ये आलं. शंभर वर्षांत कायदे बदलत गेले, पळवाटा शोधणारेही त्यांच्या मागोमाग.) हल्ली नोंदणी आधारवरून घरबसल्या होते, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार आणि वर थोडी स्टॅम्प ड्यूटी. अशा करारावर दोन्ही बाजूंचे फोटो, अंगठ्याचे ठसे आणि दस्त क्रमांक छापलेला असतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. करार किती तारखेला संपतो, त्यात राहणाऱ्या म्हणून कुणाची नावं आहेत, पोटभाडेकरूंबद्दल काय लिहिलंय, एवढं वाचायला दहा मिनिटं पुरतात. "मालक परदेशात आहेत, प्रत त्यांच्याकडेच आहे" असं उत्तर आलं, तर सरळ बॅग उचला. पोलिसांकडे भाडेकरू म्हणून तुमची नोंद होणार का, हेही विचारा. चोरून ठेवलेल्या मुलीची नोंद कुणी करत नाही. पैसे सही करणाऱ्याच्याच खात्यात पाठवा आणि शेऱ्यात 'डिपॉझिट' असं स्वच्छ लिहा. आणि खोलीत आधीपासून राहणाऱ्या मुलींशी पाच मिनिटं एकटं बोला, विशेषतः तुमच्या कॉटवर आधी कोण होतं आणि ती का गेली, याबद्दल. उत्तर "तिचं कुणाशी पटायचं नाही" असं आलं, तर तिचा नंबर मागून घ्या.

जळगावकर आणि मी आता कुर्ल्याला एकत्र राहतो. लाइटवरून अजून भांडतो. चौघींच्या अर्जावर जबाब नोंदवून झालेत, गुन्हा अजून दाखल झालेला नाही. ताईची नवी जाहिरात चांदिवलीतल्या फ्लॅटची आहे: मुलींसाठी, घरगुती वातावरण, सहा महिन्यांचा लॉक-इन. वाकोल्यात किंवा तिकडे कुणी अशा घरात राहून डिपॉझिट सोडून निघाली असेल, तर तिने मेसेज पुसले जाण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्यावा.