मूव्हिंग कॉइलला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर: काही महिने वापरल्यावर

कार्ट्रिज (रेकॉर्डवरच्या सुईच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा भाग) डेनॉनचं डीएल-१०३, मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी प्रकारचं. आउटपुट जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट, आणि माझी फोनो स्टेज (तो क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) फक्त मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम, या दुसऱ्या प्रकारच्या कार्ट्रिजसाठीची, म्हणजे तिला तीन ते पाच मिलिव्होल्ट तरी हवेत. म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेतला, १:१० आणि १:२० असा खटका असलेला. आता बरेच महिने तो रोज वाजतोय.

आधी त्या खटक्याबद्दल, कारण विकणारे नेमकं इथेच अर्धवट सांगतात. १:२० म्हणजे दुप्पट आवाज, म्हणजे जास्त चांगलं, असा एकंदर सूर असतो. पण व्होल्टेज वेढ्यांच्या पटीत वाढतं आणि इंपीडन्स (सिग्नलच्या प्रवाहाला होणारा विरोध) मात्र त्या पटीच्या वर्गाने बदलतो. फोनो स्टेजचे ४७ किलोओहम १:१० मधून कार्ट्रिजला ४७० ओहम भासतात, १:२० मधून फक्त ११७ च्या आसपास. डीएल-१०३ चा स्वतःचा इंपीडन्स ४० ओहम. म्हणजे १:२० वर जवळजवळ पाव सिग्नल कार्ट्रिजच्या आतच जिरतो. हिशेब केला तर १:१० ला साधारण २.८ मिलिव्होल्ट मिळतात, आणि १:२० ला ६ नव्हे, साडेचारच्या आसपास. म्हणजे वाढ सहा डेसिबलऐवजी चारच. कार्ट्रिजला समोर किमान १०० ओहम (लोड) दिसावेत असं कंपनी सांगते, तेव्हा ११७ नियमात बसतं, पण अगदी काठावर.

कानाला काय कळतं? १:२० वर डबल बास आटोपशीर आणि जाडसर येतो, पहिल्या दिवशी फार आवडतो. मग पियानोचे वरचे स्वर दबल्यासारखे वाटू लागतात, झांजेवरचा ब्रश नुसता ‘सस्स’ होतो. १:१० वर तोच ब्रश कुठून कुठे फिरला ते कळतं. आवाजाचं बटण थोडं जास्त फिरवावं लागतं, आणि फोनो स्टेज मुळात शांत असेल तर त्यात काही बिघडत नाही. दोन-पाच ओहमच्या कार्ट्रिजला मात्र १:२० च काय, त्याहून मोठं प्रमाणही चालेल. तिथे हा सगळा हिशेबच वेगळा होतो.

खरा त्रास गुणगुणीचा. ट्रान्सफॉर्मरला स्वतःची वीज लागत नाही, पण आजूबाजूची वीज तो आनंदाने गोळा करतो. अॅम्प्लिफायरच्या शेजारी ठेवला तर रेकॉर्ड न लावताही भुंग्यासारखा आवाज यायचा. हातभर लांब सरकवला, तेव्हा निम्मा कमी झाला. उरलेला घालवायला डबा जागच्या जागी सावकाश फिरवत राहायचं: एका कोनाला आवाज एकदम बसतो, त्यापुढे वळवला की परत उठतो. तो कोन सापडला की मागे पेन्सिलची खूण करून ठेवा. टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) अर्थ वायर ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूला आणि तिथून फोनो स्टेजला, एवढंच. तिसरीकडे कुठे जोडली की अर्थचं बंद वळण (लूप) होऊन गुणगुण परत येते.

तक्रार एकच, पण मोठी. सोबत दिलेली केबल गरजेपेक्षा बरीच लांब. ट्रान्सफॉर्मरपासून फोनो स्टेजपर्यंतच्या केबलची कपॅसिटन्ससुद्धा (विद्युत भार साठवण्याची क्षमता) कार्ट्रिजला वर्गाच्या पटीत दिसते: १०० पिकोफॅरॅडची केबल १:२० वर ४०,००० पिकोफॅरॅडची होऊन बसते. त्याचा परिणाम वरच्या पट्टीत ऐकू येतो. आखूड केबल लावल्यावर झांजा मोकळ्या झाल्या. एवढ्या नाजूक वस्तूसोबत निर्मात्याने दोन हात केबल का द्यावी, देव जाणे.

आणि हो, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग (तारेचे वेढे) तपासायला त्याला ओहमवर ठेवलेल्या मल्टिमीटरची टोकं लावू नका. त्यातला डीसी प्रवाह गाभ्याला चुंबकत्व देऊ शकतो. कार्ट्रिजची नाजूक कॉइल मोजायच्या फंदात तर मुळीच पडू नका.

तुमच्या फोनो स्टेजला आधीच चांगला, शांत एमसी इनपुट असेल तर यावर खर्च करायची घाई नको. साधी पण नेटकी एमएम स्टेज असेल, तर मात्र हा मार्ग मला पसंत आहे, प्रमाण कार्ट्रिज पाहून निवडलंत तर. माझा खटका १:१० वरच आहे.