प्राण्यांच्या फोटोंची पुस्तकं: होमस्टेच्या पडवीत थंडी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

आमचा कोकणात, आंजर्ल्याच्या बाजूला घरगुती होमस्टे आहे, आणि थंडी सुरू झाली तेव्हा पडवीतल्या बाकावर प्राण्यांच्या फोटोंची तीन पुस्तकं ठेवली. एक मोठं हार्डबाउंड, जगभरातल्या वाइल्डलाइफ फोटोंचं, दोन-अडीच हजारांच्या घरातलं. दुसरं पक्षी ओळखायचं फोटोवालं फील्ड गाइड, पिशवीत मावेल एवढं. तिसरं लहान मुलांचं, स्वस्तातलं. पाहुण्यांची पोरं, त्यांचे आईबाप, आमच्या सासूबाई, दूध घालायला येणारे काका, सगळ्यांच्या हातून पुस्तकं गेली, पावसाळाही काढला त्यांनी, आणि मग आता लिहितेय. ऑनलाइन जे रिव्ह्यू असतात ते बहुतेक पार्सल उघडलं त्याच दिवशीचे, 'प्रिंट छान, पॅकिंग छान', पण असं पुस्तक टिकतं की नाही, म्हणजे कागद तर झालाच पण बघणाऱ्याच्या मनात टिकतं की नाही, ते चार-सहा महिने गेल्याशिवाय कळत नाही. नावं देत नाहीये कारण मला एका पुस्तकाबद्दल नाही, या प्रकाराबद्दलच सांगायचंय.

पहिली गोष्ट, विकत घेताना आपण भुलतो ते चेहऱ्यांना. पानभर वाघाचं तोंड, पानभर घुबडाचे डोळे, मागे सगळा काळा रंग. पहिले काही आठवडे सगळे तिथेच थांबायचे, 'बापरे डोळे बघ' वगैरे. शिमग्यापर्यंत त्या पानांवर कोणी थांबेनासं झालं. आता पुस्तक हातात घेतलं की कुठली पानं मळलीत ते लगेच दिसतं, खालच्या कोपऱ्याला अंगठ्याचे डाग, कडा मऊ झालेल्या, आणि ती सगळी पानं अशी आहेत की जिथे प्राणी त्याच्या जागेत दिसतो, जंगल दिसतं, पाणी दिसतं, तो तिथे काय करतोय ते दिसतं. क्लोजअप एकदा बघून संपतो. जागेसकट काढलेल्या फोटोत दर वेळी काहीतरी नवीन सापडतं.

सगळ्यात मळलेलं पान म्हणजे सर्गेई गोर्शकोव यांचा अमूर वाघिणीचा फोटो, ज्याला २०२० साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोंच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलात एका जुन्या झाडाला वाघीण मिठी मारून उभी आहे, डोळे मिटलेले, अंग खोडाला घासतेय, म्हणजे आपला वास तिथे ठेवून जातेय. हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावून ठेवला होता आणि हवा तसा फोटो मिळायला अकरा महिन्यांच्या वर गेले. ही माहिती फोटोखाली दोन ओळीत दिलीय, पण ती वाचल्यावर लोक परत वर फोटोकडे बघतात, आणि दुसऱ्यांदा बघताना वाघिणीपेक्षा झाड जास्त बघतात, हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत बघितलंय. म्हणून सांगते, पुस्तक घेताना कॅप्शन वाचून बघा. नुसतं 'बेंगॉल टायगर, इंडिया' एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुस्तक महिन्याभरात कपाटात जाणार.

आपल्याकडचे फोटो आले की पाहुण्यांची कळी खुलते. धृतिमान मुखर्जी यांचा चंबळमधला घडियाल, नर पाण्यात आणि त्याच्या पाठीवर पिल्लंच पिल्लं, शंभराच्या वर. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर हिचा भंडारदऱ्याजवळचा काजव्यांनी भरलेल्या झाडाचा फोटो, वर आकाशात तारे. तो बघून एक पाहुणे म्हणाले हे एडिट केलेलं असणार. ते मे अखेरीस आले होते, रात्री त्यांना मागच्या परसात नेलं, तिथे काजवे होतेच, मग काही बोलले नाहीत, बराच वेळ उभे राहिले. आणि मुलांचा सगळ्यात लाडका म्हणजे बंगळुरूच्या विद्युन हेब्बारचा, जो त्याला २०२१ मध्ये त्याच लंडनच्या स्पर्धेत छोट्यांच्या गटातलं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा दहा वर्षांचा होता. भिंतीतल्या फटीत कोळ्याचं जाळं, आणि मागून रिक्षा गेली तिचे हिरवे-पिवळे रंग पसरलेत. आफ्रिका नाही, अंटार्क्टिका नाही, रस्त्याकडेची भिंत. हा फोटो बघितला की पोरं आईचा मोबाइल मागतात आणि आमच्या गडग्यावर चिऱ्यांच्या फटी शोधत फिरायला लागतात, हे न चुकता होतं, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी माझे पैसे वसूल आहेत.

कासवांबद्दल सांगायलाच हवं कारण आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल लोक त्यासाठीच येतात, वेळासला आणि इथे आंजर्ल्याला. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सोडताना दोरीच्या मागे उभं राहून बघायचं, फ्लॅश मारायचा नाही, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि भलतीकडे वळतात. पाच-दहा मिनिटांत पिल्लं पाण्यात आणि खेळ संपला, पोरांचे चेहरे पडतात, कारण शंभर प्रश्न उरलेले असतात. मग पडवीत पुस्तक उघडतं. ओडिशाच्या किनाऱ्यावर एकाच वेळी हजारो माद्या वर येतात त्याचं डबल स्प्रेड आहे, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच फोटो, आणि त्याच्या पुढच्या पानावर मादी पाण्याखालून, वर उजेड, पोटाचा फिका रंग. इथे आपल्या किनाऱ्यावर रात्री एकटी मादी येते, खड्डा करते, शंभरएक अंडी घालते आणि जाते, पाण्यातलं तिचं आयुष्य आपल्याला दिसणारच नाही, ते या पानावर दिसतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, थंड असेल तर नर, हे पण त्याच पानावर आहे आणि ते वाचून मोठी माणसंच जास्त चकित होतात. मोबाइलवर कासवांचे व्हिडिओ ढीगभर आहेत, मान्य, पण मोबाइल एकाच्या हातात असतो आणि बाकीचे मान वाकडी करून बघतात. एवढं मोठं पुस्तक मांडीवर उघडलं की चार डोकी आपोआप त्यावर येतात.

सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण दुपारची भांडी झाली की त्या पानं उलटत बसतात. इंडोनेशियात एका प्राण्याच्या विष्ठेतल्या बियांपासून कॉफी करतात, त्या पानावर त्या एकदम म्हणाल्या, 'अगो, हा तर आपल्या माळ्यावरचा कांडेचोर!' आणि बरोबर, उदमांजरच ते, पाठीवर काळे पट्टे, शेपटीवर कड्या नाहीत. कड्या असतात त्या जवादी मांजराला, हे फोटो शेजारी शेजारी छापलेत म्हणून कळलं. मग त्यांनी पिकल्या पपया कशा जायच्या, माडीच्या मडक्यावर हा कसा यायचा, कौलांवर विष्ठेत बिया कशा सापडायच्या ते सगळं सांगितलं, जे कॅप्शनमध्ये नव्हतं. त्या पानाला आता आमच्या घरात 'आजीचं पान' म्हणतात.

आता फील्ड गाइड. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. ओळखायसाठी फोटो नेहमी चांगलाच असं नाही. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी, ज्यांनी सुगरणींचा अभ्यास आपल्या अलिबागजवळच्या किहीमला केला, १९४१ मध्ये पुस्तक काढलं त्यात पक्ष्यांची चित्रं होती, आणि चित्रात सगळ्या खुणा एकदम दाखवता येतात. फोटोत एकच पक्षी, एकाच उजेडात. समुद्र गरुडाचं बघा, मोठा पांढरा-राखाडी, पिल्लू मात्र तपकिरी, आमच्या गाइडमध्ये फक्त मोठ्याचा फोटो, त्यामुळे पाहुणे तपकिरी गरुड बघून येतात आणि घारीच्या पानावर बोट ठेवतात. घेताना बघा की नर, मादी, पिल्लू, उडताना, असे वेगवेगळे फोटो आहेत का. नसतील तर सोडून द्या.

रंगांबद्दल पण बोलते. तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी, आमच्याकडे पण पहिल्या पावसात येतो, ओढ्याच्या दरडीत बीळ करतो. प्रत्यक्षात त्याचा जांभळा-निळा इतका झळझळीत असतो की छापलेला फोटो त्याच्यापुढे मेलेला वाटतो. यात छापणाऱ्याचा पूर्ण दोष नाही, छपाईत चारच शाया असतात आणि पिसांची ती झळाळी रंगाची नसते, पिसाच्या बारीक रचनेवरून उजेड परततो त्याची असते, ती कागदावर येणारच नाही. पण मोठ्या पुस्तकात तो बरा आलाय आणि गाइडमध्ये अगदीच मातकट, म्हणजे कागदाने फरक पडतोच.

डबल स्प्रेडचा एक वैताग. प्राण्याचं तोंड बरोब्बर दोन पानांच्या मधल्या घडीत जातं. आमच्या पुस्तकात एका हिमबिबट्याचं अर्धं तोंड गेलंय, पुस्तक कितीही दाबा. शिवलेलं बायंडिंग असेल तर पुस्तक सपाट उघडतं आणि त्रास कमी होतो, नुसतं गोंदाने चिकटवलेलं असेल तर दाबून दाबून पाठ तडकते आणि पानं सुटतात. गाइडची पानं सुटलीच, दापोलीला बायंडरकडून शिवून आणलं.

पावसाळा हा कोकणात अशा पुस्तकांचा खरा शत्रू. गुळगुळीत आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा आणि चुनखडीचा लेप असतो, तो ओला झाला की चिकट होतो आणि पानं एकमेकांना धरून सुकली की मग सुटत नाहीत, फाटतात. जुलैत एका पाहुण्यांच्या मुलाने मोठं पुस्तक पडवीच्या कठड्यावर ठेवलं आणि पागोळ्या त्यावर. लगेच पानं एकेक सोडवली, मधे टिश्यू घातले, पंख्याखाली उभं ठेवलं, तेव्हा वाचलं, शेवटची चार-पाच पानं मात्र गेली. आता ओल शोषणारं सिलिका जेल टाकून झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि उघडीप मिळाली की वारा देतो. उन्हात अजिबात ठेवू नका, पिवळा आणि लाल आधी उडतो आणि सगळं निळं पडतं, टपरीवरची जुनी पोस्टरं दिसतात तसं. मॅट कागद मिळाला तर तोच घ्या, ग्लॉसीवर बोटांचे ठसे पण दिसतात आणि ट्यूबलाइट चमकते.

मुलांचं स्वस्त पुस्तक. स्पष्ट सांगते, घेऊ नका. बिबट्या म्हणून जॅग्वार छापलाय. बघायची पद्धत सोपी आहे, जॅग्वारच्या अंगावरच्या गोल ठिपक्यांच्या आत पण बारीक टिकल्या असतात, बिबट्याच्या नसतात. आणि भारतीय हत्ती म्हणून सुपाएवढ्या कानांचा आफ्रिकन हत्ती. आमच्या परिसरात बिबट्या येतो, मुलांना त्याचा खरा फोटो माहीत असायला हवा, म्हणून हे पुस्तक बाकावरून काढून टाकलं.

फोटो खरा की बनवलेला हा प्रश्न मोठ्या स्पर्धांत पण येतो. त्याच लंडनच्या स्पर्धेत २००९ चा विजेता लांडग्याचा फोटो नंतर रद्द झाला कारण लांडगा पाळीव असल्याचं परीक्षकांचं मत झालं, आणि २०१७ च्या एका बक्षीसपात्र फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघून तो २०१८ मध्ये काढला गेला. मला यातून उलट भरवसाच वाटतो, की कोणीतरी तपासतंय. फोटो कुठे, कसा काढला, प्राणी मोकळा होता की पिंजऱ्यातला, हे लिहिलेलं पुस्तक मी डोळे मिटून घेईन.

घ्यायचं असेल तर मोठं एकच घ्या, शिवलेलं, मॅट, जागेसकट फोटोंचं, सविस्तर कॅप्शनचं. तीन बारकी घेण्यात अर्थ नाही. आणि कोणाला माहीत असेल तर सांगा, मला आता मराठी कॅप्शनचं, सह्याद्री आणि कोकण किनाऱ्याच्या प्राण्यांचं मोठ्या साइझचं फोटोपुस्तक हवंय, खवले मांजर, शेकरू, धनेश, पाणमांजर असलेलं, सासूबाईंना स्वतः वाचता येईल असं. साडेतीन हजारांपर्यंत जायची तयारी आहे.